सांगलीत राहून लक्झरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही कशी निवडावी: नवी की वापरलेली?

बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३, मर्सिडीज जीएलए, व्होल्वो एक्ससी४०. यातली एखादी घ्यावी असा विचार सांगली-मिरजेत आता बरेच जण करतात. दवाखाना चालवणारे डॉक्टर, तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार, हळदीचे व्यापारी, पुण्यात नोकरी करून शनिवार-रविवार गावी येणारी मुलं. गाडी निवडण्याचा सल्ला मात्र बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या माणसाने मोठ्या शहरातल्या माणसाला दिलेला असतो. आपल्याकडे वर्कशॉप लांब आहे, कृष्णेला पूर येतो आणि गाळप हंगामात रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. या तीन गोष्टी धरल्या की निवड बदलते.

माझं मत आधीच सांगतो. इथल्या बहुतेक घरांसाठी तीन-चार वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, सगळ्या सर्व्हिसची नोंद असलेली गाडी ही नव्यापेक्षा शहाणपणाची खरेदी आहे. पण पुराची आणि कागदांची तपासणी पूर्ण करायची तयारी हवी. तेवढी सवड नसेल, किंवा विकणारा तपासू देत नसेल, तर नवीच घ्या. अर्धवट तपासून घेतलेली जुनी लक्झरी गाडी सगळ्यात महाग पडते.

पायरी १: आधी वर्कशॉप ठरवा, मग गाडी

सांगलीहून कोल्हापूर साधारण पन्नास किलोमीटर, पुणे सव्वादोनशेच्या पुढे. पुण्यात चारही कंपन्यांची सोय आहे. म्हणून पहिला प्रश्न असा, की तुमच्या पसंतीच्या कंपनीचं सर्वांत जवळचं अधिकृत वर्कशॉप कुठे आहे आणि तिथे नेमकं काय काय होतं? नुसतं विक्रीचं दालन असणं वेगळं आणि डेंटिंग-पेंटिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं होणारं वर्कशॉप असणं वेगळं. फोनवर विचारू नका, एकदा जाऊन या. सर्व्हिस ॲडव्हायझरला तीन गोष्टी विचारा: पुढच्या काचेला तडा गेला तर काच यायला किती दिवस लागतात, गाडी रस्त्यात बंद पडली तर टोइंगची गाडी कुठून येते, आणि ब्रेक पॅड-डिस्क बदलण्यासह एका मोठ्या सर्व्हिसचं अंदाजपत्रक किती. अंदाजपत्रक लेखी मागा. ते हातात आलं की वर्षाचा खर्च पेलणार की नाही हे तिथेच कळतं.

दोन गाड्या तुम्हाला सारख्याच आवडल्या असतील तर जिचं वर्कशॉप जवळ ती घ्या. बाकीच्या फरकांना इथे एवढी किंमत नाही.

पायरी २: गाडी कुठे आणि किती चालणार ते लिहून काढा

पेट्रोल की डिझेल हा प्रश्न सरासरीच्या आकड्यावर सोडवला जातो, तो वापरावर सोडवायला हवा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज विश्रामबाग ते मिरज एवढंच जाणं-येणं असेल, गाडी तापायच्या आत बंद होत असेल, तर हा फिल्टर तुंबतो आणि त्याचं काम खर्चाचं असतं. अशा घराला पेट्रोलच योग्य. आठवड्यातून एकदा पेठ नाक्यावरून हायवे धरून पुण्याला जाणं होत असेल तर डिझेलला तक्रारीला जागा राहत नाही, आणि त्या लांबच्या प्रवासात त्याची ओढही सुखाची वाटते.

इथे कंपनीचीही मर्यादा येते. २०२२ पासूनची क्यू३ भारतात फक्त पेट्रोलमध्ये आली: दोन लिटरचं १९० अश्वशक्तीचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद. जानेवारी २०२३ मध्ये आलेली तिसऱ्या पिढीची एक्स१ दीड लिटर पेट्रोल आणि दोन लिटर डिझेल अशी दोन्ही मिळाली, दोन्हींत ताकद पुढच्या चाकांना. जीएलएतही दोन्ही इंधनं होती. एक्ससी४० चं पेट्रोल मॉडेल आता नवं मिळत नाही, वापरलेलंच शोधावं लागेल.

पेट्रोल घेणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली गाडी घेत असाल तर इंधनाच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचा, तिथे चालणारं इथेनॉलचं प्रमाण लिहिलेलं असतं. शंका असेल तर चॅसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपकडून लेखी उत्तर घ्या. उसाच्या पट्ट्यात राहून हा प्रश्न टाळता येणार नाही.

इलेक्ट्रिक हवी असेल तर बीएमडब्ल्यू आयएक्स१, व्होल्वो ईएक्स४० आणि मर्सिडीज ईक्यूए हे पर्याय आहेत. स्वतःचं घर, स्वतःचा मीटर आणि पुरेसा वीजभार असेल तरच. अपार्टमेंटमध्ये सोसायटीची परवानगी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. वापरलेली इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल वर्कशॉपकडून काढून घ्या.

शेतात जायला चालेल का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने मळ्यापर्यंत रोज जायचं असेल तर ही गाडी त्या कामाची नाही, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी ऑडी असली तरी नाही. तिची उंची आणि टायर डांबरी रस्त्यासाठी आहेत. मळ्यासाठी दुसरी गाडी ठेवा.

पायरी ३: नव्या गाडीचा हिशोब पूर्ण मांडा

समजा एक्स-शोरूम किंमत ५० लाख आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के एकरकमी कर लागतो, डिझेलला १५. म्हणजे पेट्रोलला साडेसहा लाख, डिझेलला साडेसात. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हा कर २० टक्के, म्हणजे दहा लाख. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर), इथे ५० हजार, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. वर विमा. म्हणजे पेट्रोल गाडी विम्याआधीच ५७ लाखांना दारात येते. व्यवसायासाठी घेणाऱ्यांनी सीएशी आधीच बोलून घ्यावं. घसारा मिळतो, पण अशा गाडीच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट सर्वसाधारण व्यवसायाला मिळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी जीएसटी आणि उपकर मिळून ४५ ते ५० टक्के लागायचे. इलेक्ट्रिकवर ५ टक्केच. हा बदल वापरलेली गाडी घेणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावा. कर उतरायच्या आधी गाडी घेतलेला मालक आपल्या जुन्या बिलाचा आकडा पुढे करतो आणि त्यातून थोडे कमी करून किंमत सांगतो. तुम्ही तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करा.

नवी घेताना चाकांकडेही बघा. वरच्या व्हेरियंटला मोठे अलॉय आणि पातळ कडेचे टायर येतात. दिसायला देखणे, पण खड्ड्याची धार लागली की टायरला फुगा येतो आणि अलॉय वाकतो. पर्याय असेल तर लहान चाकांचं व्हेरियंट घ्या. डिक्कीत स्टेपनी आहे की नुसती पंक्चर किट आहे, हे डिक्की उघडून स्वतः बघा. रात्री अकरा वाजता कराडच्या पुढे टायरची कड फाटली तर किटचा उपयोग नसतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत रनफ्लॅट टायर आहेत. हवा गेल्यावरही ते ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर नेतात, पण बदलायला महाग असतात आणि छोट्या गावात मिळत नाहीत.

पायरी ४: वापरलेलीत पिढी ओळखा

एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या गाड्या बाजारात आहेत. एक्स१ ची दुसरी पिढी भारतात २०१६ ला आली, तिसरी २०२३ ला. क्यू३ ची पहिली २०१२ ला, दुसरी २०२२ ला. जीएलए २०१४ ला आणि नंतर २०२१ ला. एक्ससी४० २०१८ ला. जाहिरातीत नुसतं मॉडेलचं नाव आणि आकर्षक किंमत असते. दहा वर्षांची गाडी छोट्या नव्या गाडीच्या भावात मिळते, पण तिचे सुटे भाग आजही लक्झरी गाडीच्याच भावाने येतात. माझ्या मते पाच वर्षांपेक्षा जुनी या वर्गातली गाडी इथे राहून सांभाळणं जड जातं.

किंमत ठरवताना विम्याचा तक्ता कामाला येतो. विमा कंपन्या गाडीचं घोषित मूल्य, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, वयानुसार कमी करतात: दोन ते तीन वर्षांना ३० टक्के, तीन ते चार वर्षांना ४०, चार ते पाच वर्षांना ५० टक्के घट. बाजारभाव याच्या वर-खाली असतो, पण बोलणी सुरू करायला हा आकडा पक्का आहे.

ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि व्होल्वो चारही कंपन्या तपासलेल्या वापरलेल्या गाड्या स्वतःच्या नावाने विकतात. त्या थोड्या महाग असतात, पण वॉरंटी मिळते. वर्कशॉप लांब असलेल्याने हे जास्तीचे पैसे द्यावेत असं मी म्हणेन. ओळखीच्या मालकाकडून थेट घेत असाल तर कंपनीची वॉरंटी किती उरली आहे आणि ती वाढवून मिळते का, हे आधी विचारा. संपलेली वॉरंटी मागाहून वाढवून घेणं कठीण असतं.

पायरी ५: पुरात गेलेली गाडी ओळखा

सांगलीकराला पूर समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी शहरात शिरलं. अशा प्रत्येक पुरात गाड्या बुडतात. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते, ती लिलावात जाते, कोणीतरी धुवून-सुकवून उभी करतं आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येते. आपल्याकडची बुडालेली गाडी दुसरीकडे विकली जाते, तशी दुसरीकडची आपल्याकडे येते. मुंबई, चेन्नई अशा शहरांतही पाणी भरतं, म्हणून मालक मुंबईचा आहे या बोलण्यावर विसंबू नका.

या वर्गातल्या गाडीत हा धोका जास्त, कारण वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक डबे गालिच्याखाली, सीटखाली, डिक्कीच्या तळाशी असतात. पाणी गुडघाभरच आलेलं असलं तरी ते भिजतात. गाडी सुरू होते, चालते, आणि सात-आठ महिन्यांनी गंज चढून एकेक दिवा पेटू लागतो.

तपासणी दिवसा, ऊन असताना करा. काचा बंद ठेवून गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला सांगा, मग दार उघडून पहिला श्वास घ्या. कुबट वास लपत नाही; अत्तराचा भपकारा आला तरी सावध व्हा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टचा रोज गुंडाळलेला राहणारा शेवटचा हातभर भाग सहसा कोणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ किंवा मातकट डाग दिसतो. सीट पुढे-मागे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट टॉर्चने बघा. डिक्कीचा तळ उचला, स्टेपनीच्या खोबणीत बोट फिरवा. फ्यूजच्या डब्याचं झाकण काढा. तांब्यावर हिरवट थर दिसला तर तिथेच नमस्कार करून निघा. हेडलाइटच्या आत बाष्प किंवा पाण्याची ओळ आहे का, गालिचाखालचा फोम दाबल्यावर ओलसर किंवा कडक लागतो का, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का, हे सगळं पाहायला अर्धा-पाऊण तास लागतो. विकणारा घाई करत असेल तर त्याला शांतपणे सांगा, "दादा, मला वेळ लागणार आहे, तुम्ही तोवर चहा घ्या."

आता कागदावरचा पुरावा. मागच्या सगळ्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस वाचा. क्लेम न घेतल्यास हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. चार वर्षांच्या गाडीला बोनस शून्य दिसला तर मध्ये क्लेम झालाय. तो कशाचा, हे बिलासकट विचारा. साध्या बंपरचा असेल तर हरकत नाही. उत्तर गोलमोल आलं तर सौदा सोडा.

पायरी ६: इंजिन थंड असताना जा, रात्रीही चालवा

जाण्याआधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू करतानाचा खडखडाट आणि धूर हेच ऐकायचं-बघायचं असतं.

या गाड्यांत बहुधा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. तो मोकळ्या रस्त्यावर नेहमी गुळगुळीत चालतो, त्याची परीक्षा गर्दीत होते. मारुती रोडच्या बाजारातून मुंगीच्या पावलांनी न्या, थांबा, परत सरकवा. सुटताना थरथर किंवा झटका बसला तर क्लचचं काम येऊ घातलंय. सातारकरांनी यवतेश्वरचा घाट चढून बघावा, मध्ये चढावर थांबवून पुन्हा उचलावी. मग अंकलीच्या दिशेने खराब पट्ट्यावर रेडिओ बंद करून चालवा. पुढून टकटक आली तर बुश किंवा शॉकअप गेलेत.

संध्याकाळनंतरही एक फेरी मारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, त्यामुळे हेडलाइटचा पल्ला ही आपल्याकडे चैन नाही, गरज आहे. नवी गाडी निवडतानाही सनरूफवर पैसे घालण्यापेक्षा चांगल्या दिव्यांवर घाला.

आई-आप्पांना सोबत न्या आणि मागे बसवा. गुडघ्यांना त्रास न होता चढता-उतरता येतं का, मागच्या सीटवर पाठ टेकते का, पुण्यापर्यंत बसवेल का, हे त्यांनाच विचारा. सामान जास्त नेणाऱ्यांना क्यू३ ची ५३० लिटरची डिक्की सोयीची वाटेल. बॅगा, आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्या, मावतात का ते बघूनच या.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर का, ते विचारा. कमी चाललेल्या गाडीला नवे टायर आणि झिजलेलं स्टिअरिंग असेल तर मीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. मीटर मागे घेतला जातो, पण अधिकृत वर्कशॉपच्या नोंदीत प्रत्येक भेटीचं किलोमीटर राहतं. शेवटी पैसे भरून त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण तपासणी करून घ्या, कॉम्प्युटर स्कॅनसह. चॅसिस नंबरवर कंपनीचं कुठलं रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठीचं बोलावणं, बाकी आहे का, हेही तिथेच कळेल. तपासणीचा खर्च तुम्ही करा, म्हणजे अहवाल तुमच्या हातात येतो.

पायरी ७: कागद नीट असल्याशिवाय विसार देऊ नका

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेली ई-चलनं पाहून ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा असतो. एमएच १० चं पासिंग नसलेली गाडी असेल तर सांगली आरटीओत काय लागेल ते आधी विचारून घ्या.

सीमेजवळ असल्याने बेळगाव-चिकोडीकडच्या केए २२, केए २३ च्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात दाखवल्या जातात. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणून पुन्हा नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो किमतीत मिळवला की स्वस्ताई बहुधा संपते. दिल्लीच्या डिझेल गाड्यांनाही हाच हिशोब लावा. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या कमी भावात बाहेर पडू लागल्या.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल हे बजेटमध्ये धरा. झीरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) घ्या, आणि पूरपट्ट्यात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट घ्याच, कारण पाणी शिरलेलं इंजिन सुरू करायला जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. गाडी पाण्यात अडकलीच तर बटण दाबू नका, टोइंगला फोन करा. गाडी ताब्यात घेताना दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक, मूळ बिल आणि व्हील लॉकची किल्ली मोजून घ्या, आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावून तुमचा लावा.